रिपोर्ट कधी येणार, एवढं सांगायला किती खर्च येतो?

थोडी मोठी पोस्ट आहे. सवडीनं वाचा, आणि घरातल्या बायकांनाही वाचायला द्या.

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत कुणाचा जीव टांगणीला नको. या वर्षी माझ्या स्तनातल्या गाठीची बायोप्सी झाली. रिपोर्ट अकरा दिवसांनी आला. गाठ साधी निघाली, कॅन्सर नाही. मी ठणठणीत आहे, कालच पंचायत समितीच्या बैठकीची बातमी पाठवली आहे. त्यामुळे फोन करून धीर देऊ नका. मला बोलायचंय ते त्या मधल्या अकरा दिवसांबद्दल. ते फक्त माझ्यापुरतं असतं तर इथं लिहिलंच नसतं. पण गेल्या दोन-तीन महिन्यांत ज्या ज्या बाईशी या विषयावर बोलले, तिनं जवळपास हेच सांगितलं. सुई टोचल्याचं दुखणं दोन दिवसांत विसरायला होतं, वाट बघणं विसरायला होत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. बायोप्सी झाल्यापासून रिपोर्ट हातात पडेपर्यंतचा काळ हा उपचाराचाच भाग आहे. आपली आरोग्य व्यवस्था मात्र त्याला 'मधली सुट्टी' समजते. या काळात बाईची जबाबदारी कुणाचीच नसते. मग काही बायका आतल्या आत झुरतात, आणि काही तर उपचारातूनच गळून जातात. हे थांबवायला नवीन मशिन लागत नाही, नवीन इमारत लागत नाही, टेंडर तर अजिबात लागत नाही.

आता सविस्तर सांगते.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात पत्रकारिता करते. आमच्याकडे सोनोग्राफी होते, रक्त-लघवी तपासायच्या लॅब गल्लोगल्ली आहेत. पण मांसाचा तुकडा तपासायची, म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजीची सोय तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक करून नसते. तुकडा जिल्ह्याला नाहीतर पुण्या-मुंबईला जातो. कधी कुरिअरनं जातो, कधी लॅबचा पोरगा घेऊन जातो. आणि कधी नातेवाइकाच्या हातात प्लास्टिकची डबी देतात आणि सांगतात, "सांडू देऊ नका." सकाळच्या एसटीत मांडीवर ती डबी घेऊन बसलेला एखादा नवरा किंवा भाऊ तुमच्या शेजारच्या सीटवरही बसून गेला असेल. तुम्हाला कळलं नसेल.

त्या डबीचं पुढं काय होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर एका पॅथॉलॉजिस्ट मॅडमना विचारलं, तेव्हा त्यांनी दहा मिनिटांत समजावलं. तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरावा लागतो, त्याला निदान काही तास लागतातच, घाई केली तर नमुना बिघडतो. मग त्यातलं पाणी काढतात, तो मेणात बसवतात. त्या मेणाच्या वडीचे इतके पातळ काप काढतात की एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले तीन-चार भाग म्हणजे एक काप. ते काचेवर घेऊन रंगवतात, आणि मग डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शंका आली तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवतात, आणखी काप काढतात, विशेष रंग देऊन पुन्हा बघतात. त्याला आणखी काही दिवस लागतात. मध्ये रविवार आला, सण आला, कुरिअर अडकलं, तर तेवढे दिवस वाढतात.

म्हणजे उशीर झाला याचा अर्थ वाईट बातमी आहे असा नसतो. आणि लवकर आला याचा अर्थ चांगली असाही नसतो. एवढं एक वाक्य मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर निदान चार रात्रींची झोप वाचली असती. कारण वाट बघणारं डोकं उशिराचा एकच अर्थ काढतं. सहाव्या दिवशी माझं डोकं म्हणत होतं, "काहीतरी सापडलंय, म्हणून पुन्हा तपासतायत." प्रत्यक्षात माझा नमुना दोन दिवस सुट्टीमुळे पडून होता. हे मला रिपोर्ट मिळाल्यावर कळलं.

दुसरी गोष्ट आकड्यांची. सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीच्या कागदावर खाली 'बाय-रॅड्स' असं लिहून एक आकडा असतो. बऱ्याच जणींच्या कागदावर ४ असतो, माझ्याही होता. कॅन्सरची 'चौथी स्टेज' सगळ्यांनी सिनेमात ऐकलेली असते. त्यामुळे ४ बघितला की घरात रडारड सुरू होते. माझ्या ओळखीतल्या एका बाईनं तर लेकीचं लग्न लवकर उरकायचं म्हणून पाहुण्यांना निरोपही पाठवला होता. अहो, या आकड्याचा आणि स्टेजचा काही संबंध नाही! स्टेज कॅन्सर सिद्ध झाल्यावर ठरते. बाय-रॅड्स हा फोटो बघणाऱ्या डॉक्टरनं दिलेला शंकेचा आकडा आहे. १ म्हणजे नॉर्मल. २ म्हणजे साधंच काहीतरी. ३ म्हणजे बहुधा साधं, शंका दोन टक्क्यांपर्यंत. ४ म्हणजे तुकडा काढून बघितलेलं बरं. ५ म्हणजे दाट शंका, पंच्याण्णव टक्के किंवा त्याहून जास्त. या ४ च्या पोटातच २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंतची शक्यता येते, म्हणून त्याचे ए, बी, सी असे भाग करतात. ४-ए असेल तर शंभरातल्या नव्वदहून जास्त गाठी साध्या निघतात. हे कागद देताना सांगायला एक मिनिट लागतं. ते एक मिनिट दिलं जात नाही, आणि त्या मिनिटाच्या बदल्यात एक अख्खं घर आठवडाभर सुतकात असल्यासारखं राहतं.

"काळजी वाटणारच, त्यात काय एवढं?" असं काही जण म्हणतील. त्यांच्यासाठी एक अभ्यास सांगते. २००९ साली 'रेडिऑलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. अमेरिकेत स्तनाची बायोप्सी झालेल्या १२६ बायकांची लाळ तपासून त्यातलं कॉर्टिसॉल मोजलं गेलं. ताण आला की शरीरात हे द्रव्य वाढतं-कमी होतं. पाचव्या दिवशी काहींना कॅन्सर आहे हे कळलं होतं, काहींना नाही हे कळलं होतं, आणि काहींचा निकाल अजून अधांतरी होता. ज्यांचा निकाल अधांतरी होता, त्यांच्या शरीरातला ताणाचा नमुना कॅन्सर असल्याचं कळलेल्या बायकांसारखाच होता. म्हणजे शरीराच्या लेखी 'माहीत नाही' आणि 'आहे' यांत फारसा फरक नाही. हे मनाचे खेळ नाहीत, रक्तामांसात घडतं. बाईला "उगाच घाबरतेस" म्हणण्याआधी हे लक्षात ठेवा.

आता आपल्याकडची गोष्ट.

सातव्या दिवशी मी स्वतः चौकशीला गेले. काउंटरवरच्या माणसानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, मिस्टरांना पाठवा." मी म्हटलं, पेशंट मीच आहे. तो म्हणाला, "तेच म्हणतोय, घरातल्या कुणाला तरी पाठवा." रिपोर्ट तेव्हा आलेलाच नव्हता. त्याला फक्त त्याची सवय बोलत होती. पण मी पायऱ्या उतरले ती कॅन्सर घेऊनच उतरले. मी कलेक्टरला प्रश्न विचारते, आमदाराला विचारते, पोलीस ठाण्यात एकटी जाऊन एफआयआरची प्रत मागते. माझ्या स्वतःच्या शरीरातल्या तुकड्याबद्दल मात्र मला नवऱ्याला पाठवायचं होतं. त्या माणसावर माझा राग नाही, म्हणून हॉस्पिटलचं नावही लिहीत नाही. ही रीत सगळीकडेच आहे. बाईला थेट सांगायचं नाही, ती 'घेऊ शकणार नाही', असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय. ज्या बाईनं दोन बाळंतपणं, एक दुष्काळ आणि सासऱ्यांचं अंथरुण काढलं, ती एक वाक्य घेऊ शकणार नाही म्हणे.

आणि ही झाली माझी गोष्ट, जिच्या हातात मोबाईल आहे, ओळखी आहेत, दुचाकी आहे. आता दुसरी ऐका.

आमच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं जातात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे बाई मागं राहिली तर पैसे फिटत नाहीत. अशाच एका बाईची बायोप्सी गाडी भरायच्या आठवड्यात झाली. तिला सांगितलं होतं, "येईल आठ-पंधरा दिवसांत, येऊन घेऊन जा." ती फडात गेली. फोन नवऱ्याचा, त्याचा रिचार्ज संपलेला. रिपोर्ट आला आणि फाइलला लागला. मार्चमध्ये गावी परतल्यावर आशाताईंनी विचारलं, "त्याचं काय झालं गं?" तेव्हा तो कागद बाहेर आला. त्यात कॅन्सर होता. मी तिला विचारलं, इतके दिवस चौकशी कशी नाही केली? ती म्हणाली, "वाईट असतं तर कुणीतरी कळवलं असतं की, म्हणलं." आणि जरा थांबून म्हणाली, "अन् कळून तरी तिथं काय करणार होते?"

हे दुसरं वाक्य मला फार लागलं. भीती माणसाला दोन दिशांना पळवते. माझ्यासारखी रोज काउंटरवर जाते. दुसरी कागदाकडं पाठ फिरवते, म्हणजे तो आलाच नाही असं धरून चालता येतं. तिसरी कुणाच्या तरी सांगण्यावरून झाडपाल्याचा लेप लावते, कारण तो माणूस निदान समोर बसून बोलतो आणि 'एकवीस दिवसांत गाठ विरघळेल' अशी तारीख तरी देतो. बघा, तारीख तो भोंदू देतो, दवाखाना देत नाही.

एसटी स्टँडवरचं उदाहरण देते. गाडी उशिरा असली आणि कंट्रोलरनं सांगितलं की अर्धा तास लागेल, तर माणूस चहा पिऊन येतो आणि थांबतो. काहीच सांगितलं नाही तर दहा मिनिटांत काळी-पिवळीत जाऊन बसतो, मग ती कितीही खच्चून भरलेली असो. बायका उपचारातून अशाच जातात. त्यांना अक्कल नाही म्हणून नव्हे, तर त्यांना कुणी काही सांगत नाही म्हणून.

याची किंमत किती मोठी आहे तेही बघू. २०२२ च्या जागतिक कर्करोग अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कर्करोग झाल्याचं निदान होतं आणि सुमारे ९८ हजार जणी त्यानं दगावतात. बायकांमध्ये आता हाच पहिल्या नंबरचा कर्करोग आहे. तपासणीचं म्हणाल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या बायकांमध्ये स्तनतपासणी कधी तरी झाली असं सांगणाऱ्या देशात एक टक्कासुद्धा नव्हत्या. म्हणजे जी बाई लाज, खर्च, घरकाम, अंतर, लोक काय म्हणतील हे सगळं ओलांडून बायोप्सीच्या टेबलापर्यंत पोचते, ती लाखमोलाची आहे. तिला आपण तिथून 'बघू, येईल' म्हणून परत पाठवतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये स्तन कर्करोगासाठी जागतिक उपक्रम सुरू केला. त्यातलं एक उद्दिष्ट असं आहे की बाई पहिल्यांदा दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पक्कं व्हावं. बाकीची दोन म्हणजे ६० टक्क्यांहून जास्त निदानं पहिल्या-दुसऱ्या स्टेजमध्येच व्हावीत, आणि ८० टक्क्यांहून जास्त बायकांनी उपचार पूर्ण करावेत. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचा तर नियम आहे की कॅन्सरची शंका घेऊन पाठवलेल्या पेशंटला २८ दिवसांत 'आहे' किंवा 'नाही' हे सांगायचं. तिथंही तो सगळ्यांच्या बाबतीत पाळला जात नाही. पण पाळला गेला नाही हे मोजता येतं, कारण तारीख ठरलेली आहे. आपल्याकडं उशीर झाला असं म्हणायलासुद्धा जागा नाही. कशापेक्षा उशीर?

आपल्याला तारखेची सवय नाही असंही नाही. आपल्याकडं २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. सेतूमध्ये उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज केला की पावती मिळते, किती दिवसांत मिळेल ते ठरलेलं असतं, नाही मिळाला तर अपील कुणाकडं हेही ठरलेलं असतं. शिंप्याकडं ब्लाउज टाकला तर तो तारीख सांगतो, चुकली तर निदान कसनुसं हसतो. ऑनलाइन साडी मागवली तर ती भिवंडीला पोचली, पुण्यातून निघाली, हे मोबाईलवर दिसतं. साडी कुठं आहे ते मला कळतं, माझ्या अंगातून काढलेला तुकडा कुठं आहे ते कळत नाही.

डॉक्टरांची बाजू मला माहीत आहे. सरकारी ओपीडीत एकेका डॉक्टरसमोर शंभर-शंभर माणसं असतात. पॅथॉलॉजिस्ट कमी आहेत, असलेले शहरात आहेत. एका डॉक्टर मित्रानं स्पष्टच सांगितलं, "तारीख द्यायची आणि ती चुकली की नातेवाईक काच फोडायला येतात. त्यापेक्षा न दिलेली बरी." त्यांची भीती खोटी नाही. पण मग शेवटची मुदत द्या ना. 'चार दिवसांत' म्हणू नका, 'जास्तीत जास्त बारा दिवस, त्याच्या आत आला तर आम्ही कळवू' असं म्हणा. आणि बाराव्या दिवशी आला नाही तर 'उशीर होतोय, अमुक कारणानं' एवढा एक मेसेज. महावितरण लाइट जायच्या आधी मेसेज पाठवू शकतं, तर हे का नाही?

म्हणून माझ्या मागण्या पाच आहेत. सरकारी असो की खासगी, बायोप्सी करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी:

१) नमुना घेतल्यावर बाईच्या हातात मराठीत एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर नमुना कुठं पाठवला, जास्तीत जास्त कोणत्या तारखेपर्यंत रिपोर्ट येईल, आणि चौकशीचा एक फोन नंबर, जो कुणीतरी उचलेल.

२) रिपोर्ट कुणाला सांगायचा, हे बाईलाच आधी विचारावं आणि त्या चिठ्ठीवर लिहावं. 'मलाच' म्हणाली तर तिलाच. 'बहिणीला बोलवा' म्हणाली तर बहिणीला. नवऱ्याला पाठवायचं की नाही हे ती ठरवेल.

३) रिपोर्ट नुसता व्हॉट्सअॅपवर टाकून मोकळं होऊ नये. इंग्रजी पीडीएफ रात्री नऊ वाजता मोबाईलवर येऊन पडते आणि बाई दहावीतल्या पोराकडून त्याचा अर्थ लावून घेते. हे पोराच्याही डोक्यावर ओझं आहे. रिपोर्टबरोबर भेटीची वेळ द्यावी.

४) ठरलेल्या तारखेनंतर जी बाई आली नाही, तिची यादी आरोग्य केंद्राकडं जावी आणि आशाताईंनी तिच्याशी संपर्क करावा, अर्थात शेजाऱ्यापाजाऱ्यांना विषय कळू न देता. आशाताईंना त्याचा मोबदलाही द्यावा, नुसतं काम वाढवू नये. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा तर मुक्कामाचा कारखाना आणि दुसरा एक फोन नंबर आधीच लिहून घ्यावा.

५) निदान होईपर्यंतच्या तपासण्यांचा खर्च. शासनाच्या आरोग्य योजना उपचाराच्या पॅकेजला लागू होतात, पण कॅन्सर आहे की नाही हे ठरेपर्यंतचे पैसे बहुतेकदा खिशातून जातात. वाट बघण्यात ही एक वेगळी वाट बघणं असते, पैसे जमेपर्यंतची. ती थांबली पाहिजे.

पहिल्या तीन मागण्यांना चिठ्ठीचा कागद आणि माणुसकी लागते. चौथीला थोडी शिस्त आणि आशाताईंचा मोबदला. पैशाचा खरा प्रश्न पाचवीतच आहे.

आता ज्या बहिणी ही पोस्ट वाचत असताना स्वतःच रिपोर्टची वाट बघतायत, त्यांच्याशी थोडं. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांना विचारून आणि स्वतः त्यातून जाऊन जे कळलं तेवढंच सांगते.

स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. वय वाढतं तशी शंका वाढते, हेही खरं, म्हणून तपासणी टाळायची नाही. सुई लावल्यानं कॅन्सर अंगभर पसरतो, हा समज निराधार आहे. रिपोर्टला आठ-पंधरा दिवस लागल्यानं उपचारात बहुतेक वेळा काही बिघडत नाही. बिघडतं ते महिनोन् महिने घालवल्यानं.

व्यवस्था तारीख देत नसेल तर आपण मागून घ्यायची. निघताना चार प्रश्न विचारा आणि उत्तरं फाइलच्या मागं लिहा: नमुना कुठं जाणार, जास्तीत जास्त किती दिवस, मला कोण सांगणार, आणि उशीर झाला तर फोन कुणाला करायचा. ती तारीख येईपर्यंत चौकशी करायची नाही असं ठरवा, आणि त्या तारखेला नक्की करा.

सगळ्या भावकीला सांगू नका, आणि कुणालाच न सांगता कुढतही बसू नका. एकच माणूस निवडा, जो ऐकून घेईल आणि उपाय सुचवणार नाही. मी माझ्या मावसबहिणीला निवडलं. ती रोज रात्री फोन करायची आणि विचारायची, "आज किती वाटलं?" मी सांगायचे. मग आम्ही भाज्यांच्या भावावर बोलायचो.

काळजी करायला दिवसातला अर्धा तास ठरवून द्या. ऐकायला विचित्र वाटेल, पण मानसोपचारवालेही हे सांगतात. इतर वेळी विचार आला की म्हणायचं, संध्याकाळी सहाला बघू. दर वेळी जमत नाही, पण निम्म्या वेळी जमलं तरी दिवस निघतो. रात्री तीनला जाग आली तर मोबाईल घेऊ नका. श्वास घेतल्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, दहा-पंधरा वेळा. पोळ्या, झाडलोट, ड्युटी, शेतातलं हलकं काम, डॉक्टरनं मना केलं नसेल तर चालू ठेवा. आणि गाठ सारखी दाबून बघू नका, दाबल्यानं काही कळत नाही, जागा मात्र दुखते. सुईच्या जागी थोडं काळं-निळं होणं चालतं. रक्त थांबत नसेल, पू आला, ताप आला, तर रिपोर्टची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

फारच असह्य झालं, झोप पूर्ण उडाली, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर १४४१६ लावा. ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. 'वेडे' लोकच फोन करतात असं काही नाही.

आणि घरच्यांनो, "काही नसतं गं, पॉझिटिव्ह राहा" हे वाक्य बंद करा. काही असेल की नाही हे तुम्हाला माहीत नाही, आणि तुम्हाला माहीत नाही हे तिला माहीत आहे. त्याऐवजी म्हणा, "तारीख कधीची आहे? मी बरोबर येतो. काहीही निघालं तरी पुढचं आपण बघू." आणि त्या दिवशी खरंच रजा टाका.

ऑक्टोबर आला की गावोगाव गुलाबी फुगे, गुलाबी साड्या, सेल्फी पॉइंट आणि 'लवकर निदान, जीवदान' असे बॅनर लागतील. मीही त्यांच्या बातम्या देईन, माझं कामच आहे ते. पण यंदा प्रत्येक कार्यक्रमात व्यासपीठावरच्या पाहुण्यांना मी एकच प्रश्न विचारणार आहे: तुमच्या इथं बायोप्सी झालेल्या बाईच्या चिठ्ठीवर रिपोर्टची तारीख असते का? उत्तर 'हो' आलं तर पहिल्या पानावर छापायला भांडेन. 'नाही' आलं तर तेही छापेन.

तुम्हीही विचारा. तुमच्या तालुक्यात काय पद्धत आहे ते खाली कमेंटमध्ये लिहा. हॉस्पिटलचं किंवा पेशंटचं नाव नको, फक्त गावाचं नाव आणि किती दिवस लागले तेवढं लिहा. पुरेशी माहिती जमली की मी ती जिल्हा शल्यचिकित्सकांकडं स्वतः घेऊन जाईन, आणि ते काय म्हणाले ते इथंच लिहीन.